दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरावा लागतोय? आधी हे तपासा

मार्च लागला की हा प्रश्न हटकून येतो, एसी लावून दहा मिनिटं झाली तरी गाडी थंड होत नाही, गॅस भरायला हवा का. गॅरेजवाला बोनेट उघडतो, प्रेशर मोजायचा गेज लावतो, "गॅस कमी आहे साहेब" म्हणतो, भरून देतो, गाडी मस्त थंड होते आणि पुढच्या मार्चमध्ये परत तेच. ज्यांच्याकडे हे चक्र चालू आहे त्यांच्यासाठी लिहितोय, कारण यात दरवर्षी पैसे जातात ते जातातच, पण खरा फटका नंतर बसतो, कॉम्प्रेसर जातो आणि मग बिल बघून डोळे पांढरे होतात.

मुळात एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. गाडीच्या एसीचा गॅस वापरून संपत नाही. तो एका बंद सर्किटमध्ये फिरत राहतो, कॉम्प्रेसर दाबतो, रेडिएटरच्या पुढे असलेल्या जाळीदार कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, मग एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये जाऊन परत वायू होतो आणि तिथे केबिनची उष्णता घेतो, आणि परत कॉम्प्रेसरकडे. यात खर्च होण्यासारखं काहीच नाही. रबरी होज आणि ओ-रिंगमधून (जोडातल्या रबरी कड्यांमधून) वर्षाला काही ग्रॅम झिरपतो हे खरं, त्यामुळे पाच-सहा वर्षांनी कूलिंग जरा कमी वाटलं तर समजू शकतो. पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर एकतर कुठेतरी लीक आहे, नाहीतर गॅस कमी नव्हताच आणि दुसराच काहीतरी प्रॉब्लेम आहे. या दोन्हीत नुसता गॅस भरणं हा उपाय नाही.

म्हणून गेज लावायच्या आधी घरच्या घरी जे बघता येतं ते बघून घ्या, त्याला एक रुपया लागत नाही.

पहिलं म्हणजे, हवा कमी येतेय की हवा भरपूर येतेय पण गरम येतेय? हा फरक बहुतेक लोक करतच नाहीत, सरळ "एसी चालत नाही" म्हणतात. ब्लोअर फुलवर ठेवलाय, आवाज जोरात येतोय पण व्हेंटमधून फुंकर मारल्यासारखी हवा येतेय आणि जी येतेय ती थंड आहे, तर तो गॅसचा विषय नाही. ग्लोव्ह बॉक्स उघडून मागचा केबिन फिल्टर काढून बघा, बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये तो दोन क्लिप दाबल्या की हातात येतो. आमच्या नागपुरात रस्त्याची कामं चालू असतात तिथून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर काढला की त्यावर धूळ, कडुनिंबाची पानं, कधी कधी उंदराने आणून ठेवलेला कापूससुद्धा निघतो. फिल्टर काढून तसाच पाच मिनिटं एसी चालवून बघा, हवा एकदम वाढली तर नवीन फिल्टर टाका, विषय संपला. ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या स्पीडवर चालतो आणि खालच्या स्पीडवर बंद, तर ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे स्पीड कमी करणारा पार्ट, गेलाय, तिथेही गॅसचा संबंध नाही.

याचाच एक भाऊ आहे. हायवेला तासभर छान थंड चालतं आणि मग हळूहळू हवाच यायची बंद होते, एसी बंद करून पंधरा मिनिटांनी लावला की परत ठीक. ही कूलिंग कॉइलवर बर्फ जमल्याची खूण आहे. फिल्टर चोक असेल किंवा कॉइलचं तापमान बघणारा सेन्सर बिघडला असेल तर असं होतं. थोडा गॅस कमी असेल तरी होतं, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावू नका, पण फिल्टर आणि सेन्सर आधी बघायला सांगा.

आता हवा भरपूर आहे पण थंड नाही, हा दुसरा आणि मोठा गट. इथे विचारायचा प्रश्न म्हणजे कधी थंड नाही? चालत्या गाडीत थंड आणि सिग्नलला उभं राहिलं की गरम, असं असेल तर आधी कंडेन्सरवरून जाणाऱ्या हवेवर संशय घ्या. गाडी पळत असताना समोरून वारा लागतो म्हणून कंडेन्सर गार होतो, उभ्या गाडीत ते काम फक्त फॅनचं असतं. बोनेट उघडा, इंजिन चालू, एसी फुल, आणि रेडिएटरकडचा फॅन बघा. बऱ्याच गाड्यांमध्ये एसी लावला की लगेच फॅन फिरतो, काहींमध्ये प्रेशर वाढलं की मिनिटभरात फिरतो. फिरलाच नाही किंवा अगदी मरगळून फिरतोय तर फॅनची मोटर, रिले, फ्यूज यातलं काहीतरी आहे. इथे हात आणि कपडे सांभाळा, ओढणी, टाय, गळ्यातली चेन काहीही लोंबत नको, फॅन न सांगता सुरू होतो.

फॅन व्यवस्थित फिरतोय तर पाण्याची टेस्ट करा, जुने मेकॅनिक अजून करतात आणि ती खरंच उपयोगी आहे. उभ्या गाडीत एसी चालू ठेवून समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर बागेच्या पाइपने हलक्या धारेने साधं पाणी सोडायचं, एक-दोन मिनिटं. व्हेंटची हवा लगेच चांगली थंड व्हायला लागली तर गॅस पुरेसा असण्याची शक्यता जास्त आहे आणि उष्णता बाहेर टाकण्यात अडचण आहे. म्हणजे कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये धूळ आणि किडे अडकून बसलेत, किंवा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कचरा भरलाय जो समोरून दिसतच नाही. बॅटरी टॉर्च घेऊन वरून त्या फटीत बघा, मी जेवढ्या गाड्यांमध्ये बघितलंय त्यात शहरातल्या गाड्यांना मधे सुकलेल्या पानांचा थरच असतो. धुताना वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारू देऊ नका, ॲल्युमिनियमच्या त्या बारीक पट्ट्या एका फटक्यात झोपतात आणि मग हवा जायची कायमची कमी होते.

पाणी मारूनही काही फरक नाही, चालत्या गाडीतही हवा कोमटच, तर आता कॉम्प्रेसरकडे या.

एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसरचा क्लच "टक" करून पकडतो, त्याच्या पुलीचा पुढचा चकतीचा भाग फिरायला लागतो, आरपीएम क्षणभर हलतो. कडक उन्हात ब्लोअर फुल असताना तो बराच वेळ पकडून राहायला हवा. तो पाच-सहा सेकंद पकडतोय, सोडतोय, परत पकडतोय, असं सतत करत असेल तर गॅस कमी असल्याची ही बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे, कारण खालच्या बाजूचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या कमी दाबाच्या पाइपातलं, प्रेशर झपकन पडतं आणि कॉम्प्रेसर ट्रिप होतो. डिसेंबरमध्ये महाबळेश्वरला असं झालं तर मात्र ते नॉर्मल आहे, थंडीत कामच कमी असतं. क्लच अजिबात पकडतच नसेल तर दोन शक्यता. एक, गॅस इतका उडालाय की प्रेशर स्विचने कॉम्प्रेसरला वाचवायला सप्लाय तोडलाय, साधारण २ बारच्या खाली प्रेशर गेलं की तो तोडतो. दोन, इलेक्ट्रिकल, म्हणजे फ्यूज, रिले, क्लचची कॉइल, किंवा उंदराने कुरतडलेली वायर, आणि पावसाळ्यानंतर ही शेवटची गोष्ट फार बघायला मिळते. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, उदाहरणार्थ हॉर्नचा, तर अदलाबदल करून बघता येतं. प्रेशर स्विचला वायरचा तुकडा लावून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवून बघणारे लोक आहेत, तसं कुणालाही करू देऊ नका, रिकाम्या सिस्टीममध्ये कॉम्प्रेसर कोरडा फिरतो आणि जाम होतो.

बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये व्हेरिएबल, म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त दाब देणारा, कॉम्प्रेसर असतो, त्याला काहींमध्ये क्लचच नसतो, पुली कायम फिरत राहते आणि टक आवाज येत नाही. तिथे ही टेस्ट लागू नाही, थेट पाइपला हात लावून बघायचं.

पाइपची टेस्ट अशी. एसी दहा मिनिटं चालू ठेवल्यावर फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यापाशी, दोन ॲल्युमिनियमचे पाइप आत जाताना दिसतील, एक बारीक, एक जाड. बारीक पाइप गरम किंवा चांगला कोमट लागायला हवा आणि जाड पाइप गार, फ्रिजमधल्या स्टीलच्या तांब्याला हात लावल्यासारखा. जाड पाइप नुसताच किंचित गार आणि बारीक पाइपही जेमतेम कोमट, म्हणजे दोघांत फारसा फरकच नाही, तर गॅस कमी असण्याची किंवा कॉम्प्रेसर दाब देत नसण्याची शक्यता आहे. कॉम्प्रेसरमधून निघून कंडेन्सरला जाणाऱ्या पाइपला मात्र हात लावू नका, तो पोळतो. आणि एक गोष्ट लोक चुकीची धरतात, जाड पाइपवर पाणी जमलंच पाहिजे असं नाही. मुंबईत, रत्नागिरीत दमट हवेत तो पाइप घामाने निथळतो, गाडीखाली पाण्याचं थारोळं होतं, पण नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हवेत ओलावाच नसतो, तिथे चांगल्या सिस्टीमचा पाइपसुद्धा जवळपास कोरडा राहू शकतो. पाणी गळत नाही म्हणून गॅस संपला असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका.

थर्मामीटर असेल तर उत्तम, किचनमध्ये वापरतात तो डिजिटल काडीचा चालेल. मधल्या व्हेंटमध्ये खुपसा, रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवायचं बटण) चालू, ब्लोअर मधल्या स्पीडला, तापमानाचं नॉब पूर्ण निळ्याकडे, काचा बंद, गाडी सावलीत, आरपीएम पंधराशेच्या आसपास, दहा मिनिटं. बाहेर ३० ते ३५ अंश असताना व्हेंटला ६ ते १० अंश मिळत असेल तर गॅस भरायचं नाव काढू नका. बाहेर ४४ असताना १२-१४ अंश मिळाले तरी ती सिस्टीम ठीक काम करतेय असंच म्हणायचं, उन्हात तापलेल्या केबिनला तेवढ्याने थंड व्हायला वेळ लागणारच, त्यासाठी सुरुवातीला काचा खाली करून गरम हवा बाहेर काढा. आकडा लिहून ठेवा, बाहेरचं तापमान पण लिहा, पुढच्या वर्षी हाच आकडा सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. ड्रायव्हरच्या बाजूच्या आणि डावीकडच्या व्हेंटमध्ये पाच-सहा अंशांचा फरक असेल तर एकतर हीटरचा फ्लॅप अडकलाय किंवा गॅस कमी असल्यामुळे कॉइलचा एकच भाग गार होतोय. कसाऱ्याचा घाट चढताना फुल ॲक्सिलरेटरवर काही क्षण एसी सुटला तर घाबरू नका, इंजिनला ताकद मिळावी म्हणून ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, कॉम्प्रेसर तात्पुरता बंद करतो.

इथवर सगळं बघून गॅसवर संशय पक्का झाला तर मग गेज. आणि गेजबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिन बंद असताना, गाडी थंड असताना गेज लावला तर जो आकडा दिसतो तो गॅस किती आहे हे सांगत नाही. आर-१३४ए हा गाड्यांच्या एसीत सर्रास असणारा गॅस बंद जागेत द्रव आणि वायू अशा दोन्ही रूपात असेल तर त्याचं प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. ३० अंशाला ते साधारण ९५ ते १०० पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप), ४० अंशाला १३० च्या जरा वर. सिस्टीममध्ये ४५० ग्रॅम असो की २५० ग्रॅम, आकडा तोच येणार. त्यामुळे बंद गाडीवर गेज लावून "बघा, प्रेशर बरोबर आहे" किंवा "अजून थोडा बसेल" म्हणणं म्हणजे अंदाज आहे. त्या तापमानाच्या मानाने आकडा खूपच खाली असेल तर मात्र सिस्टीममध्ये द्रव उरलाच नाही, म्हणजे जवळपास रिकामी आहे, एवढंच त्यातून कळतं.

चालू गाडीत दोन्ही बाजू बघतात, खालची म्हणजे कमी दाबाची आणि वरची म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेल्या गॅसची. ३५ अंशाच्या आसपास खालची बाजू ३० ते ४५ पीएसआय आणि वरची दोनशे ते अडीचशेच्या दरम्यान असली की साधारण ठीक. दोन्ही कमी तर गॅस कमी. खालची जास्त आणि वरची कमी तर कॉम्प्रेसर दाब देत नाहीये, त्यात कितीही गॅस भरा, थंड होणार नाही. दोन्ही जास्त तर गॅस जास्त भरलाय, किंवा आत हवा गेलीय, किंवा फॅन-कंडेन्सरचा प्रॉब्लेम आहे. खालची बाजू व्हॅक्यूममध्ये जातेय तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह चोक आहे किंवा आतल्या ओलाव्याचा बर्फ होऊन वाट बंद होतेय. चारही केसमध्ये गाडी थंड करत नाही, आणि चारपैकी एकाच केसमध्ये गॅस भरणं हे उत्तर आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी गॅरेजमध्ये उभं राहून नीट बोलता येतं.

किती गॅस आहे हे खात्रीने कळायचा मार्ग एकच, तो बाहेर काढून वजन करणं. बोनेटच्या आतल्या बाजूला किंवा समोरच्या पट्टीवर स्टिकर असतं, त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. लहान हॅचबॅकला बहुतेक साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या मधे, मागे वेगळा एसी असलेल्या सात सीटरला त्याहून बरंच जास्त. रिकव्हरी मशीन आतला गॅस खेचून घेतं आणि किती निघाला ते स्क्रीनवर दाखवतं. स्टिकरवर ४५० आणि निघाले ४२०, तर गॅसचा प्रॉब्लेम नव्हता, दुसरं काहीतरी शोधा. निघाले २००, तर लीक आहे, आधी ते शोधा. म्हणून गॅरेजला फोन करताना विचारायचं, "भाऊ, गॅस मशीनवर वजनाने भरता का गेज बघून? जुना किती निघाला ते दाखवाल का?" जो दाखवतो त्याच्याकडे जा, थोडे जास्त पैसे लागले तरी.

जास्त भरला की जास्त थंड होईल हा समज तर पूर्ण चुकीचा आहे. ४०० ग्रॅमच्या सिस्टीममध्ये ५० ग्रॅम जास्त म्हणजे बारा टक्क्यांच्या वर, वरच्या बाजूचं प्रेशर चढतं, कंडेन्सरला उष्णता टाकायला जागा उरत नाही, कूलिंग उलट कमी होतं, इंजिनवर लोड येतो आणि भर उन्हात सिग्नलला कॉम्प्रेसर ट्रिप व्हायला लागतो. मग लोक परत गॅस कमी झाला म्हणून जातात.

आता लीक. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही सर्किटमध्ये फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे तेलाचा ओशट डाग उरतो आणि त्यावर धूळ चिकटते. स्वच्छ पाइपवर एकाच जोडाला काळपट चिकट पट्टा दिसला की बोट तिथेच ठेवायचं. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत, पाइपचे जोड आणि त्यातल्या ओ-रिंग, होज जिथे ॲल्युमिनियमच्या कॉलरमध्ये दाबलेला असतो ती जागा, कंडेन्सरचा खालचा भाग, कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील, आणि सर्व्हिस व्हॉल्व्हच्या, म्हणजे जिथून गॅस भरतात त्या तोंडांच्या, पिना. या शेवटच्या जागेकडे कुणी बघत नाही. आमच्या शेजारच्या काकांच्या हॅचबॅकला दर उन्हाळ्यात गॅस भरला जायचा. खालच्या बाजूच्या व्हॉल्व्हवरची काळी प्लास्टिकची टोपी गायब होती, कधीतरी गॅस भरताना कुणीतरी लावायची विसरलं असणार. पाण्यात भांड्याचा साबण घट्ट कालवून व्हॉल्व्हच्या तोंडावर एक थेंब ठेवला. अर्धा मिनिट काहीच नाही, मग पिनेच्या बाजूने मोहरीएवढा बुडबुडा आला, हळूहळू ज्वारीएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा यायला लागला. एवढ्याशा लीकने वर्षभरात गाडी रिकामी होत होती. पिन म्हणजे टायरच्या व्हॉल्व्हसारखाच एक छोटा पार्ट, गॅस काढून घेऊन ती बदलली, ओ-रिंग असलेली नवीन टोपी बसवली. त्यानंतर त्यांना गॅस भरावा लागला नाही. तुमच्या गाडीच्या दोन्ही टोप्या जागेवर आहेत का ते आजच बघा.

कोकणात आणि गोव्यात कंडेन्सर जास्त जातात, खाऱ्या हवेने ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पत्र्या हात लावला की पिठासारख्या झडतात. तिथे दुरुस्ती करून फार टिकत नाही, नवीन कंडेन्सर टाकणंच बरं. कूलिंग कॉइल लीक असेल तर तो सगळ्यात त्रासाचा प्रकार, कारण कॉइल डॅशबोर्डच्या आत असते आणि बऱ्याच गाड्यांमध्ये सगळा डॅशबोर्ड खोलावा लागतो. त्यामुळे तो निर्णय घ्यायच्या आधी पुरावा मागा. गाडी थोडा वेळ बंद ठेवून कॉइलच्या पाण्याच्या ड्रेन पाइपपाशी इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टर धरायचा, हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तिथे खाली साचतो, डिटेक्टर ओरडला तर कॉइल. वासावरून ठरवू नका, आर-१३४एला जवळपास वास नसतो. एसी लावल्यावर आंबूस वास येतो तो ओल्या कॉइलवरच्या बुरशीचा असतो. बाहेरच्या जागांसाठी यूव्ही डाय, म्हणजे खास टॉर्चखाली चमकणारा रंग, टाकून काही दिवस गाडी चालवून निळ्या टॉर्चने बघतात, ते चांगलं काम करतं.

लीक काढल्यावर व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली सगळी हवा खेचून काढणं. किमान अर्धा तास पंप चालायला हवा, कारण आतला ओलावा उकळून बाहेर जायला वेळ लागतो, आणि राहिलेला ओलावा बर्फ करून व्हॉल्व्ह अडवतो आणि तेलाबरोबर मिसळून आतून गंज धरवतो. पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा हलतो का बघायचं. पण काटा हलला नाही म्हणून लीक नाही असं शंभर टक्के म्हणता येत नाही, व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त हवेचा दाब असतो, चालू सिस्टीममध्ये आतून बाहेर त्याच्या पंधरापट, आणि बारीक लीक तेव्हाच उघडं पडतं. संशय असेल तर कोरडा नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करायला सांगा. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा नको, त्यात ओलावा असतो आणि दाबाखाली हवा आणि हा गॅस एकत्र असणं धोक्याचं आहे. सर्किट उघडलं असेल तर आतला ओलावा शोषणारी ड्रायर बॉटल बदलायची आणि जेवढं तेल गेलं तेवढं योग्य ग्रेडचं तेल टाकायचं. तेल हाच मुद्दा लोक विसरतात. लीकमधून गॅसबरोबर थोडं थोडं तेल जातं, दरवर्षी नुसता गॅस भरला जातो, तेल कुणी भरत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी कॉम्प्रेसर घासून जातो, त्याचा चुरा सगळ्या पाइपांत पसरतो, मग कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह सगळंच बदलावं लागतं.

ऑनलाइन गॅसचे छोटे डबे आणि सोबत एक होज मिळते, व्हिडिओ बघून स्वतः भरण्याचा मोह होतो. माझं स्पष्ट मत, नको. त्यात वजन कळत नाही, हवा आत जाते, आणि चुकून वरच्या बाजूला लावला तर डबा फुटू शकतो. हा गॅस उणे २६ अंशाला उकळतो, अंगावर द्रव उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. शिवाय डब्यात काय आहे याची खात्री नाही. २०११ मध्ये बनावट आर-१३४ए भरलेले जहाजावरचे रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर फुटून माणसं मेली होती, त्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं आणि त्याची कॉम्प्रेसरच्या ॲल्युमिनियमशी रिॲक्शन झाली. स्वस्तातल्या काही गॅसमध्ये एलपीजीसारखे जळणारे वायू मिसळलेले असतात, कॉइल लीक झाली तर ते थेट केबिनमध्ये येतात. लीक बंद करणारं केमिकलही टाकू नका, ते व्हॉल्व्हमध्ये जमतं आणि चांगल्या गॅरेजचं मशीनही खराब करतं, नंतर तुमची गाडी कुणी हातात घेत नाही.

स्टिकरवर आर-१२३४वायएफ लिहिलं असेल तर त्यात आर-१३४ए भरू देऊ नका, तो वेगळा गॅस आहे, किंचित ज्वलनशील आहे, महाग आहे आणि त्याचे व्हॉल्व्हही वेगळ्या मापाचे असतात. युरोपात २०१७ पासून सगळ्या नव्या गाड्यांना असाच कमी तापमानवाढ करणारा गॅस लागतो, त्यामुळे जर्मनी-इंग्लंडात राहणाऱ्यांनी हे आधी बघा. आर-१३४ए हवेत सोडला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो, म्हणून "जुना उडवून देतो" म्हणणाऱ्याला थांबवा आणि रिकव्हरी करायलाच लावा. इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाडीला तर साध्या गॅरेजमध्ये हातच लावू देऊ नका, तिथे कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि त्याचं तेल वेगळं असतं, नेहमीचं तेल थोडंसं जरी मिसळलं तरी इन्सुलेशन जातं. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये बॅटरी गार ठेवायलाही हाच एसी वापरतात, त्यामुळे कूलिंग कमी वाटलं तर सर्व्हिस सेंटरला लवकर दाखवा.

हिवाळ्यात महिनोन्‌महिने एसी बंद ठेवू नका, पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं लावा, कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहतं आणि ते सुकून लीक होत नाही. गॅस भरून घेतल्यावर बिलावर दोन आकडे लिहून घ्या, जुना किती ग्रॅम निघाला आणि नवीन किती भरला, शेजारी तारीख आणि व्हेंटचं तापमान. आठ-दहा दिवसांनी तशाच उन्हात तोच थर्मामीटर परत लावा. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक पडला असेल तर लीक अजून आहे, बिल घेऊन त्याच गॅरेजला परत जा आणि या वेळी आधी लीक दाखवा म्हणा, गॅस नंतर.